घट बसायच्या आधीचं धुणं

पितृपक्ष अर्धा सरला की नागपुरातलं ऊन बदलतं. पावसाळाभर तोंड लपवून बसलेलं असतं, ते एकदम हक्कानं अंगणात येऊन बसतं. प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत या आठवड्यात एकही कठडा रिकामा नाही. चादरी, अभ्रे, पलंगपोस, पडदे, रजयांच्या खोळी, सतरंज्या. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सारं कापड पाण्यातून निघालं पाहिजे, हा नेम अजून कोणी मोडलेला नाही. देव मानणारेही धुतात आणि न मानणारे तर जरा जास्तच धुतात, कारण शेजारणींना उत्तर द्यायचं असतं.

आमच्याकडे मात्र नेमकी याच आठवड्यात, निम्म्या धुण्यावर, कपड्यांची मशीन बंद पडली. काल सुनेनं मिस्त्री बोलावला. त्यानं पाठ उघडून टॉर्च मारला, मान हलवली आणि म्हणाला, "जुनी झाली ना मॅडम आता. पार्ट नाही भेटत हिचे. नवीन घेऊन टाका." मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. विचारलं, "पाणी कुठून गळून राहिलं?" तो दचकलाच. ऐंशी ओलांडलेल्या बाईनं देवाचं नाव घ्यावं, मशीनची चौकशी कशाला करावी, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. म्हणाला, "खालचा वायसर गेला, आजी." मग मला तिथं बसवेना. मी उठून गच्चीवर गेले आणि ओल्या चादरींमध्ये उगीच उभी राहिले.

वायसर. एवढासा शब्द, पण माझ्या आयुष्यातली एक लाजेची गोष्ट त्याच्याभोवती गुंडाळलेली आहे. ती आजवर कोणालाच सांगितली नाही. ज्यांना सांगायला हवी होती ती माणसं आता नाहीत, म्हणून सांगायला सोपी झाली असावी.

तेव्हा आम्ही धंतोलीत भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, एक स्वैपाकघर, मागे पडवी आणि पडवीसमोर विहीर. दुसरं महायुद्ध अजून लागायचं होतं. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेलं. आमचे हे सेक्रेटरिएटात कारकून होते. दिवसभर सरकारी कागदांवर मान मोडायची आणि घरी आले की कोट खुंटीला लावून थेट पडवीत जायचं, कारण पडवीत त्यांचा संसार होता. खरा संसार, मला वाटायचं, तोच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सिव्हिल लाईन्समध्ये साहेबलोकांच्या बंगल्यांवर लिलाव व्हायचे. कोणाची बदली, कोणाला पेन्शन, कोणी विलायतेला परत. हिरवळीवर खुर्च्या, आरसे, कपबश्या, घोड्याचे जीन मांडून ठेवलेले असायचे. लोक टेबलं घ्यायचे, पंखे घ्यायचे. आमचे हे मात्र कपडे धुवायचं मोडकं यंत्र घेऊन यायचे. विजेचं नव्हे, हातानं फिरवायचं. मडमा ते विलायतेहून हौसेनं आणायच्या आणि इथे आल्यावर त्यांना कळायचं की नागपुरात धोबी मिळतो. मग ते पीप गोदामात पडायचं, आणि दोन उन्हाळ्यांत त्याच्या फळ्या वाळून अशा सुटायच्या की आतून पलीकडचं दिसावं. असलं यंत्र कवडीमोलानं मिळायचं, कारण दुसरं कोणी बोलीच लावत नसे.

अशी चार यंत्रं आमच्या पडवीत होती. एक लाकडी पीप होतं. त्याच्या झाकणातून आत एक दांडा जायचा आणि दांड्याच्या टोकाला चार खुंट्या. वरचं हांडल मागेपुढे केलं की खुंट्या कपडे घुसळायच्या, ताक करावं तशा. एक तांब्याचा हंडा होता. एक पाळण्यासारखी झुलणारी पेटी होती, तिला आम्ही पाळणाच म्हणायचो. आणि चौथ्याचे नुसते पिळायचे रूळ शिल्लक होते, अगदी उसाच्या चरकासारखे. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून विचारायच्या, "काय वं, तुह्या घरी विमान बनून राहिलं काय?" मी हसायचे. पण मनातून वाटायचं, बाकीच्या नवऱ्यांना गाण्याचं वेड असतं, पत्त्यांचं असतं. माझ्याच वाट्याला हे काय आलं.

वेड नव्हतं ते. त्यामागे आक्काचे हात होते.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. सतराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. सासूबाईंना पक्षाघात होऊन तीन वर्षं झाली होती. त्या अंथरुणावरच असायच्या. त्यांच्या चादरी दिवसातून दोनदा, कधी तीनदा बदलाव्या लागत. त्या धोब्याला द्यायच्या नसत, आणि सोवळ्याची लुगडी तर नाहीच नाही. म्हणजे घरातलं खरं धुणं घरीच व्हायचं, आणि ते सारं आक्का करायची. सोडा घातलेलं कढत पाणी, दगड आणि तिचे दोन हात. स्वैपाक माझा, धुणं तिचं, अशी वाटणी मी येण्याआधीच ठरलेली होती. ती मी कधी मोडायला गेले नाही.

तिच्या हातांना भेगा होत्या. नुसत्या हिवाळी भेगा नव्हेत. बोटांच्या पेरांवर, तळव्यावर, अंगठ्याच्या मुळाशी कातडी उकललेली, आणि ती भरून यायला वेळच मिळत नसे. तिखटाचं बोट लागलं तर डोळ्यांत पाणी यायचं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

आणि या बाईला सुईण व्हायचं होतं. गल्लीतल्या चार-सहा बाळंतपणांना ती हौसेनं जाऊन आली होती. तिचा जीव त्यातच रमायचा. बायकांच्या दवाखान्यात सुइणीचं शिक्षण देतात, राहायला जागा देतात, पुढे नोकरी मिळते, हे तिला कळलं तेव्हा ती भावाला घेऊन तिथे गेली. माझं लग्न नुकतंच झालं होतं. लेडी डॉक्टरनं तिला चार प्रश्न विचारले, उत्तरं पसंत पडली. मग म्हणाली, हात दाखवा. हात पाहिले आणि सांगितलं की असल्या भेगांत विष राहतं, ते बाळंतिणीला जातं. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर या, हात बरे असले तर घेऊ. आक्का घरी आली, पदर खोचला आणि चादरी धुवायला बसली. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असंन." ह्यांनी पुढ्यातलं ताट तसंच सोडलं आणि उठले. त्यानंतरच्या पहिल्या लिलावातून ते पीप घरी आलं.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं.

मोडकी यंत्रं दुरुस्त करताना माणूस काय शिकतो कोण जाणे, पण ह्यांना मी संतापताना पाहिलं ते फक्त पडवीत, आणि इतकं सोशिक झालेलं पाहिलं तेही तिथेच. पीप सुटलेलं होतं, तर पावसाळ्याची वाट पाहिली. आषाढात ते पागोळ्यांखाली ठेवलं, पंधरा दिवस पाणी पिऊ दिलं, फळ्या फुगल्या आणि एकमेकींना चिकटून बसल्या. पाळण्याचं दातेरी चाक काढून पिपाला लावलं. चौथ्याचे रूळ वर बसवले. तीन मोडक्यांचं मिळून एक धड झालं. मग पहिल्याच दिवशी आक्काचं नऊवारी लुगडं आत टाकलं, तर ते खुंट्यांना असं गुंडाळलं की सोडवायला संध्याकाळ गेली. ते यंत्र मडमांच्या झग्यांसाठी केलेलं. त्याला नऊ वार काय असतात कुठून ठाऊक. ह्यांनी खुंट्या तासून आखूड केल्या, आणि लुगड्याची घडी घालून दोन जागी सैल नाडी बांधायची युक्ती काढली. आक्का बाजूला उभी राहून पाहायची. म्हणायची काही नाही. पण एकदा मी तिला एकटीला पडवीत पाहिलं; रिकाम्या पिपाचं हांडल हळूहळू फिरवत होती.

शेवटी उरलं ते गळणं. पिपाच्या बुडाला पाणी सोडायची तोटी होती आणि तिथला विलायती रबराचा वायसर इथल्या उन्हाळ्यात वितळून चिकट झाला होता. ह्यांनी चिंध्या भरून पाहिल्या, मेण लावलं, लाख लावली, बुचाचं लाकूड कापून घातलं. अर्धं पीप भरलं की धार सुटायचीच. एक भिजत घोंगडं संपेना. भादवा लागला. दसरा दीड महिन्यावर आला, आणि त्याच्या आत घटांचं धुणं. गेल्या वर्षी आक्काचे हात फुटले होते ते मुख्यतः त्या धुण्यातच.

मग एका रविवारी ह्यांनी आपला जुना बूट घेतला, त्याच्या जिभेतून गोल वायसर कापला, तेलात बुडवला आणि तोटीत बसवला. मी कंदील धरून उभी होते, कारण पडवीच्या त्या कोपऱ्यात दिवसाही दिसत नसे. पाणी भरलं. थेंबसुद्धा गळला नाही. हात पुसत पुसत हे हळूच म्हणाले, "आक्काले सांगू नको."

सांगण्यासारखं नव्हतंच. आक्काचं सोवळं फार कडक. तिचं लुगडं उंच वलणीवर काठीनं वाळत घातलेलं असायचं आणि ती सोडून कोणी त्याला शिवायचं नाही. शिवणारा कोणी असला, तर बिचारा वारा. तिच्याकडे स्वतःचं म्हणावं असं या घरात तेवढंच होतं, असं मला आज वाटतं. आणि त्या पिपात, त्याच पाण्यात, बुटाचं चामडं.

रोजच्या चादरी यंत्रात जाऊ लागल्या. आक्का हांडल फिरवायची, रुळांतून पिळून काढायची, हात पाण्याला जवळजवळ लागतच नसत. आपलं सोवळ्याचं लुगडं तेवढं ती अजून वेगळं, दगडावर धुवायची. झोपताना मेण आणि तूप कढवून केलेला मलम चोळायची. आठ-दहा दिवसांत भेगांच्या कडा मऊ झाल्या. पंधरा दिवसांत अंगठ्याजवळची मोठी भेग मिटली. हे ऑफिसातून आले की आधी बहिणीचे हात पाहायचे.

मीही पाहत होते. आणि जसजशी एकेक भेग मिटत होती, तसतशी मी दसऱ्याचे दिवस मोजत होते. कारण हिशेब सरळ होता. आक्का गेली की घरात बाई उरते ती मी. सासूबाईंच्या चादरी, ते रोजचे तीन तीन ढीग, तो वास, ते पाणी, सगळं माझ्याकडे. यंत्र आज चालतंय, उद्या बंद पडेल, तेव्हा? मी आक्काच्या हातांकडे पाहायचे आणि मला माझे हात दिसायचे. वाईट वाटायचं तिच्यासाठी, खरंच वाटायचं. पण भीती त्याहून मोठी होती.

काल गच्चीवर उभी असताना मला वाटलं, तरुण माणसाच्या स्वार्थाला नाव नसतं म्हणून तो चटकन कोणाचंही नाव घेतो. माझ्या स्वार्थानं धर्माचं घेतलं.

घटांच्या धुण्याचा दिवस आला. विहिरीवर रजयांच्या खोळींचा डोंगर. पीप भरलं होतं, सोड्याचा फेस वर आला होता. हे ऑफिसात. आक्का बाह्या सारून उभी राहिली आणि मी म्हणाले, "आक्का, एक सांगायचं होतं. न सांगणं म्हणजे पाप होईल. देवीचे दिवस आहेत. त्या तोटीत चामडं बसवलं आहे. बुटाचं."

मला वाटलं होतं, ती हात झटकून मागे सरेल. यंत्र बाजूला होईल. सारं पुन्हा दगडावर येईल, आणि दसऱ्याला ती लेडी डॉक्टर तिचे हात पाहून पुन्हा नाही म्हणेल. हे इतकं स्पष्ट मी तेव्हा मनाशी बोलले नव्हते. पण मला हवं होतं ते हेच होतं.

आक्का म्हणाली, "मले मालूम आहे."

मी तोटीकडे पाहिलं.

"ओल्या चामड्याचा वास लपते काय वं? पहिल्याच दिवशी आला. दोन रोज जेवण गेलं नाही मले." ती फेसाकडे पाहत बोलत होती. "मंग विचार केला. उद्या कोणाच्याही घरी जाईन, कोणाचंही लेकरू हातात घेईन, रक्तात, घाणीत. तवा काय विचारीन, तुमची जात कोणती, घरात चामडं आहे काय? इथंच अडली, तर मंग काहून जावं तिथं?"

मग ती वलणीशी गेली. काठीनं आपलं सोवळ्याचं लुगडं उतरवलं, घडी घातली, नाड्या बांधल्या. क्षणभर ते छातीशी धरलं. मला अजून दिसते ती तशी. मग तिनं ते स्वतःच्या हातानं पिपात सोडलं आणि झाकण लावलं. हांडल फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "पंधरा रोज झाले बसवून. तू आज काहून सांगितलं?"

मी रजईची खोळ उचलली आणि विहिरीकडे गेले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशीचं ऊन कालच्यासारखंच होतं. ओल्या कापडांतून येणारा तो सोड्याचा, उन्हाचा, विहिरीच्या शेवाळाचा वास. अंगणभर चादरी आणि त्यांच्या मधोमध, खालच्याच दोरीवर, सगळ्यांच्यात आक्काचं लुगडं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून पाहिलं आणि प्रथमच यंत्राची थट्टा न करता आत गेल्या. घट बसले, माळा चढल्या, नऊ दिवस मी देवीसमोर हात जोडत होते आणि काय मागत होते ते तिलाच ठाऊक. देवी ऐकून घेते, पण सगळ्यांचं मानत नाही, हे तिचे उपकार.

दसरा झाल्यावर आम्ही तिघं टांग्यानं दवाखान्यात गेलो. सासूबाईंजवळ काकू बसल्या होत्या. फाटकापाशी उतरेपर्यंत माझ्या मनात होतं की डॉक्टरनं नाही म्हणावं. हेही लिहूनच टाकते. आत लांब बाकावर आम्ही बसलो. ह्यांच्या कपाळावर घाम होता. लेडी डॉक्टर आली, तिला गेल्या वर्षीची आठवण होती. तिनं आक्काचे हात खिडकीच्या उजेडात धरले, उलटे केले, पेरं दाबली, बोटांच्या बेचक्या ताणून पाहिल्या. मग हात सोडून म्हणाली, "अब ठीक है. सोमवार से आ जाओ."

हे हसले आणि लगेच तोंड फिरवून खिडकीबाहेर बघू लागले. आक्का हसली नाही. बाहेर पायऱ्यांवर आलो, तेव्हा तिनं भावाला थांबवलं.

"ऐक गा. आईच्या चादरी आता तू धुवायच्या."

त्या काळात, आमच्यासारख्या घरात, पुरुषानं आईच्या खराब चादरी धुवायच्या हे कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं.

"यंत्र तुह्यं आहे, त्याचं हांडलही तुह्यंच. ऑफिसात जायच्या आधी एक खेप, आल्यावर एक. हिले सोड्याच्या पाण्यात हात घालू देऊ नको. मले वचन दे."

"देतो," हे म्हणाले. आणि त्यांनी ते पाळलं, सासूबाई गेल्या तोवर, सहा वर्षं. गल्ली हसायची ती हसून थकली.

पण ते नंतरचं. त्या क्षणी आक्का माझ्याकडे वळली आणि तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. डॉक्टरनं तिचे पाहिले होते तसेच उलटे करून पाहिले. माझ्या हातांवर एक ओरखडा नव्हता. ती अगदी हळू, ह्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "मी आली तवा माहेही असेच होते. भेव वाटणारच."

परतीच्या टांग्यात मी तोंडावर पदर घेऊन रडले ते घर येईपर्यंत. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नणंद घरातून जाणार म्हणून मी रडते आहे असं त्यांना वाटलं, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.